वरच्या मजल्याचं भाडं

राजमती आरवाडे यांनी घरपट्टीची नोटीस वाचली, चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा वाचली. आकडा हलायला तयार नव्हता. मग स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या राहून त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "डोकं फिरलंय का यांचं?"

उभा जन्म मिरजेच्या दवाखान्यांत काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई. तिच्या आवाजाला डॉक्टरसुद्धा दचकत. पण नोटिशीवर ओरडून काय होणार!

तळमजल्याचं भाडेमूल्य ठीक होतं. भानगड होती वरच्या मजल्याची. वर दोन खोल्या, एक लहानसं स्वयंपाकघर आणि बाहेरच्या अंगाने चढणारा जिना. सहा वर्षं तिथे कुणी राहिलेलं नव्हतं. आणि पालिकेच्या यंत्राचं म्हणणं असं, की या बंद खोल्यांना मोठ्या दवाखान्यासमोरच्या लिफ्टवाल्या फ्लॅटपेक्षाही जास्त भाडं येईल. त्या फ्लॅटांत पेशंटचे नातेवाईक महिना महिना राहतात आणि मागतील तेवढं भाडं देतात, हे सगळ्या मिरजेला ठाऊक आहे. राजमतीबाईंच्या गल्लीत तर रिक्षावाला आत शिरतानाही कुरकुर करायचा.

आता हे घरपट्टीचं प्रकरण मुळापासून सांगायला हवं, नाहीतर बाईंचा संताप कळायचा नाही.

घरपट्टी पहिल्यापासून एका कल्पनेवर उभी आहे. तुम्ही घर भाड्याने दिलेलं असो वा नसो, 'दिलं असतं तर काय आलं असतं' यावर कर बसतो. न आलेल्या भाड्यावर कर! कित्येकांनी यावर कपाळाला हात लावला. पण कायद्याचंही काही चूक नव्हतं. घर किती मोलाचं हे ठरवायला काहीतरी माप हवंच. पूर्वी ते काम सोपं होतं. क्षेत्रफळ घ्या, गल्लीचा दर लावा, बांधकाम जुनं असेल तर थोडं वजा करा, झालं. त्यात शेजारच्या गटारीचा वास धरलेला नसायचा आणि खिडकीतून येणारा वाराही नसायचा. वासाच्या आणि वाऱ्याच्या, दोन्ही घरांना घरपट्टी सारखीच, म्हणून अर्धं गाव कायम हरकती घेऊन पालिकेच्या दारात.

मग कल्पित भाडेकरू आले. यंत्र आधी प्रत्येक घराची हुबेहूब प्रतिकृती करायचं. गल्लीतून फिरणाऱ्या गाड्या आणि वरून जाणारे ड्रोन प्रकाशाचे झोत टाकत; झोत परत यायला किती वेळ लागला यावरून जिन्याच्या पायरीची उंचीसुद्धा समजायची. पुढचं काम विजेच्या मीटरचं. प्रत्येक उपकरणाची वीज ओढायची तऱ्हा वेगळी असते. मिक्सर सुरू होताना एकदम घोट घेतो, फ्रिज थांबून थांबून पितो, दिवा एकसारखा. त्यामुळे एका मीटरवरून घरात काय केव्हा चाललं हे ओळखता येतं. म्हणजे भिंतींबरोबर घरातली वागणूकही प्रतिकृतीत उतरली. आमच्या मिक्सरशी पालिकेला काय करायचंय, असं लोकांनी विचारून पाहिलं. पण संमती दिली तर करात सूट मिळते म्हटल्यावर सगळे सह्या करून मोकळे झाले.

या प्रतिकृतीत मग लाखो कल्पित माणसं राहायला पाठवायची. कुणी विद्यार्थी, कुणी लेकुरवाळी, कुणी म्हातारा. खरी माणसं घर कसं निवडतात त्यावरून ती घडवलेली. वर्षभराचं राहणं यंत्रात क्षणात व्हायचं आणि प्रत्येकजण सांगायचा, या घराला मी अमुक भाडं देईन. ज्याला ते घर सर्वांत मानवलं, तो त्या घराचा भाडेकरू आणि त्याचं भाडं ते घराचं भाडेमूल्य. कायद्याने एकच अट घातली होती. यंत्राने कारण सांगितलं पाहिजे. मालकाला हरकत असेल तर त्याने त्या कल्पित भाडेकरूलाच समोर बसवून जाब विचारावा, आणि तोही त्याच जागेवर.

"विचारतेच जाब," राजमतीबाई म्हणाल्या आणि हरकत नोंदवली.

पुण्याहून मुलाचा, सन्मतीचा फोन आला. "आई, हरकत कशाला? भाड्याने देऊन टाक की वरचा मजला. दवाखान्याचे लोक रांग लावतील."

"मला कटकट नको कुणाची."

"मग एवढी घरपट्टी तुझ्या पेन्शनीतून भरणार? खरं सांग, काकूसाठीच ठेवलायस ना तो मजला?"

"तिचं नाव काढू नकोस," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. आणि लगेच वर जाऊन खिडक्या उघडल्या, कारण तो वरच्या खोल्यांना वारा द्यायचा वार होता.

काकू म्हणजे पद्मिनी, राजमतीबाईंची धाकटी जाऊ. माहेर अथणीचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी, उंचीला बेताची, राग नाकाच्या शेंड्यावर. दोघी भांडायच्या, आणि दुपारी चारला एका ताटलीतले चिरमुरे खात चहा प्यायच्या. वरचा मजला तिच्या नवऱ्याने, भूपालने, स्वतःच्या कमाईतून बांधला होता. कागदोपत्री मात्र सगळं घर थोरल्याच्या नावावर. भावाभावांत कशाला वाटण्या, असं तेव्हा दोघेही म्हणाले. पुढे दोघेही गेले आणि घरात दोन जावा उरल्या, एक खाली, एक वर.

सहा वर्षांपूर्वी घरांची मोजणी आली होती. मोजणीवाल्याने अंगणात उभं राहून विचारलं, "वर कोण राहतं? भाडं किती येतं?" घरचं माणूस फुकट राहत असेल तर सवलत असते, हे राजमतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाडंबिडं काही नाही हो! बिनभाड्याची राहते ती."

पद्मिनी त्या वेळी जिन्यावर होती.

त्या संध्याकाळी तिने ट्रंक भरली. "माझ्या नवऱ्याने बांधलेल्या खोल्यांत मी बिनभाड्याची? अय्यो, कळलं मला माझं स्थान!" राजमतीबाईंना सांगता आलं असतं की अगं, ते मी घरपट्टीसाठी म्हणाले. पण मेट्रनबाई माफी मागणार कशी? त्या म्हणाल्या, "जायचंय तर जा." आणि ती गेली. तेव्हापासून भावाकडे अथणीत होती.

सुनावणीला पालिकेची अधिकारी आली, ओवी सनदी. चुणचुणीत पोरगी, हातात पोळपाटाएवढं चपटं यंत्र. दुपारचे तीन वाजायला आले होते. तिने "काकू, आत येऊ?" म्हणून हाक मारली, तर राजमतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू."

"कुणी झोपलंय का?" ओवी कुजबुजली.

"नाही."

"मग?"

राजमतीबाई दारातच थबकल्या. "सवय आहे मला. चल वर."

वर फरशी लखलखीत. पलंगावर धुतलेली चादर, खिडकीत पाणी घातलेली तुळस. ओवीने इकडेतिकडे पाहिलं. तिने यंत्र टेबलावर मांडलं. भाडेकरूला चेहरा नव्हता, नाव नव्हतं. एका बाईचा साधासा आवाज तेवढा होता. खरं माणूस समजून कुणी अंगावर धावून जाऊ नये म्हणून मुद्दामच तसं ठेवलेलं.

"नमस्कार. मी या मजल्याची कल्पित भाडेकरू. विचारा."

"तू बाई मला एवढंच सांग," राजमतीबाई पदर खोचून म्हणाल्या, "इथे काय सोनं लागलंय म्हणून एवढं भाडं देणार आहेस?"

"मला अर्धशिशीचा त्रास आहे," आवाज म्हणाला. "दुपारी मला शांतता लागते. या घरात दुपारी दोन ते चार खाली मिक्सर चालत नाही, टीव्ही लागत नाही, पाण्याची मोटरसुद्धा नाही. मीटर बसल्यापासून एकदाही नाही. मिरजेतल्या दुसऱ्या कुठल्या घरात मला इतकी शांतता मिळाली नाही."

राजमतीबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"आणखी?"

"जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवलाय. तो नेहमीपेक्षा बुटका आहे. मी उंचीला कमी आहे आणि माझा गुडघा अधू आहे. तो कठडा बरोबर माझ्या हाताशी येतो. संध्याकाळी या खोलीत दिवा लागतो. आठवड्यातून एकदा पाण्याचा मीटर फिरतो आणि मग पंखा चालतो, म्हणजे फरशी पुसून वाळवली जाते. आणि चार वाजता खाली विजेच्या शेगडीवर दोन कपांचं आधण चढतं. खाली माणूस एकच आहे."

"दुसरा कपही मीच पिते!" राजमतीबाई उसळल्या.

"असेल. पण मला चहाला खाली बोलावतील, असं मी भाड्यात धरलंय."

ओवीने हसू लपवायला खिडकीबाहेर पाहिलं. पण राजमतीबाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ही लबाडी आहे," त्या ओवीला म्हणाल्या. "पद्मिनीची माहिती तुम्ही यात घातलीत. अर्धशिशी तिची, गुडघा तिचा. कुणी दिली तुम्हाला?"

"पद्मिनी कोण?"

बाईंनी सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, पण मोजणीवाल्याला दिलेलं उत्तरही गाळलं नाही. ओवीने यंत्रात बराच वेळ शोधलं.

"काकू, तुमचा मीटर त्या गेल्यावर बसलाय. कठडाही त्यानंतरचा दिसतोय. या यंत्राला तुमच्या जाऊबाई माहीतच नाहीत." ती जरा थांबली. "त्याला फक्त तुम्ही माहीत आहात. तुम्ही जशा वागता, तशा घरात कुणाला सगळ्यात बरं वाटेल, एवढंच त्याने शोधलं."

राजमतीबाईंना रडू फुटलं. नवऱ्याच्या वेळी चारचौघांत न रडलेली बाई, एका परक्या पोरीसमोर पदरात तोंड घालून रडली. ओवीने तांब्यातून पाणी दिलं. बाईंनी डोळे पुसले आणि थेट यंत्राकडे वळल्या.

"एक सांग मला. तुला इथे कुणी म्हटलं की ही बिनभाड्याची राहते, तर?"

"तर मी राहणार नाही," आवाज म्हणाला. "मग या घराचं माझ्या लेखी काहीच मोल उरत नाही."

मग ओवी हलकेच म्हणाली, "काकू, हरकत सोडवायचा एक मार्ग आहे. तुम्ही फक्त यंत्रापुढे म्हणायचं, की असं माणूस अस्तित्वात नाही, कुणी येणार नाही. मग यंत्र हिला बाद करतं आणि पुढचा भाडेकरू घेतं. घरपट्टी निम्म्यावर येईल. म्हणा, मी नोंदवते."

राजमतीबाईंनी तोंड उघडलं. वाक्य साधं होतं. सहा वर्षं त्या हेच तर सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

"नाही म्हणता येत गं," त्या म्हणाल्या. "आहे की ती. अथणीत आहे."

"मग त्यांना घेऊनच या ना! घरचं माणूस राहायला आलं की कल्पित भाडं रद्दच होतं. पूर्ण सवलत!"

"आणि ती काय म्हणेल? एका सवलतीपायी गेली, दुसऱ्या सवलतीपायी बोलवायला आले मी? दारातून हाकलेल मला, आणि बरोबर करेल." बाई उठल्या. त्यांचा मेट्रनचा आवाज परत आला होता. "लिही तू. हरकत मागे. भाडं बरोबर आहे. त्या मजल्याची तेवढी किंमत आहेच."

घरपट्टी भरायला बाईंनी जे केलं ते ऐकून सन्मतीने पुण्यात डोक्याला हात लावला. वरचा मजला तसाच ठेवून त्यांनी आपली झोपायची खोली भाड्याने दिली. देवगडचं एक जोडपं, मुलाच्या ऑपरेशनसाठी आलेलं. आपण स्वतः बाहेर सोप्यात दिवाणावर.

"आई, रिकामा मजला असताना तू सोप्यात झोपतेस?"

"रिकामा नाहीये तो," आई म्हणाली. देवगडकरांनाही पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली, दुपारी दोन ते चार आवाज नको. बिचारे खोलीतही चवड्यांवर चालत.

सगळी घरपट्टी भरून झाल्यावरच राजमतीबाईंनी अथणीची बस धरली.

पद्मिनीच्या भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याला लागूनच भाच्याची पिठाची गिरणी होती आणि ती लांबूनच ऐकू येत होती. भर दुपार होती. पद्मिनी मागच्या खोलीत कपाळाला ओढणी आवळून पडली होती. भिंत गिरणीबरोबर थरथरत होती. जावेला दारात पाहून ती उठून बसली, पण 'या' म्हणाली नाही.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तुला न्यायला आले."

"का? नवी मोजणी आली वाटतं. वाचते मी बातम्या. घरचं माणूस दाखवलं की कर माफ ना?"

"कर भरून आले मी. सगळा," राजमतीबाई म्हणाल्या. गिरणीमुळे ओरडूनच बोलावं लागत होतं, ते एका परीने बरंच झालं. हळू आवाजात त्यांना हे जमलं नसतं. "माझं चुकलं, पद्मिनी. तसं म्हणायला नको होतं. म्हटलं ते म्हटलं, वर तुला थांबवलंही नाही."

पद्मिनी बघतच राहिली. अक्कांच्या तोंडून हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते.

मग राजमतीबाईंनी तिला त्या भाडेकरणीची सगळी हकीकत सांगितली. शांतता, दिवा, आधण. पद्मिनी ऐकता ऐकता कपाळावरची ओढणी सोडायला लागली.

"दोन ते चार अजून मिक्सर लावत नाही तुम्ही?"

"हातच जात नाही."

"आणि कठडा? तो कधी केलात?"

"तू गेल्यावर. तू त्या जिन्यावरून गुडघा धरून उतरताना दिसलीस ना शेवटची. ते डोळ्यांपुढून जाईना."

"अय्यो अक्का," पद्मिनी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी नव्हते तर कुणासाठी कठडा? येडी की काय तुम्ही?" दोघी एकमेकींना धरून रडल्या. भाचा गिरणी बंद करून काय झालं म्हणून बघायला आला, तर दोघी एकदम त्याच्यावर खेकसल्या.

पण पद्मिनी लगेच निघाली नाही. ती पद्मिनीच होती. "येईन," ती म्हणाली, "पण फुकट राहणार नाही. ती यंत्रातली बाई जेवढं देते म्हणाली, तेवढं भाडं देईन."

"कुठून देशील? आणि मी घेईन होय?"

"मग नाही येत."

राजमतीबाईंनी पिशवीतून कागद काढला. "भाड्याचा प्रश्नच येत नाही. वरचा मजला तुझ्या नावावर करतेय. वकिलाने तयार केलाय, तुझी सही तेवढी हवी. भूपालभावजींनी बांधलेला, तो तुझाच. हे तेव्हाच करायला हवं होतं."

पद्मिनीने कागद वाचला. गिरणी पुन्हा सुरू झाली होती, पण तिने कपाळाला हात लावला नाही. "पेन आहे का?" तिने विचारलं.

दोन महिन्यांनी नावबदलाची खात्री करायला ओवी सनदी पुन्हा आली, आणि पुन्हा भर दुपारी. या वेळी दारात तिनेच ओठांवर बोट ठेवलं. ती आणि राजमतीबाई अंगणात उभ्या राहिल्या. ओवीने यंत्र पुढे धरलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

राजमतीबाई कुजबुजल्या, "मालकीण राहते."

'आवाज ऐकू आला नाही,' यंत्र म्हणालं.

"मालकीण," बाई थोड्या मोठ्याने म्हणाल्या.

'आवाज ऐकू आला नाही. कृपया स्पष्ट सांगा.'

"झोपलीय गं ती," बाई ओवीला म्हणाल्या. "चारनंतर ये."

"माझ्या हातात नाही काकू. आज नोंद झाली नाही तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

राजमतीबाईंनी एकदा वर पाहिलं. सहा वर्षांपूर्वी याच अंगणात, याच प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं होतं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायचा तो आवाज लावला.

"मालकीण राहते! वरच्या मजल्याची मालकीण! पद्मिनी भूपाल आरवाडे!"

यंत्राने नोंद झाल्याचं सांगितलं. देवगडची बाई खोलीतून घाबरून बाहेर आली. वरचं दार करकरलं, आणि बुटका कठडा धरून पद्मिनी जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे झोपेने जड.

"ऐकलं हो अक्का," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीने ऐकलं. आता उठवलंच आहे, तर आधण ठेवा."